कंबर शिंप्याकडे सोडा, आधी आसन बघा

साताऱ्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय 36, उंची 5 फूट 2 इंच. सहा महिन्यांपूर्वी जाड टायरची माउंटन बाइक घेतली. दर रविवारी गटाबरोबर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला, कधी सज्जनगडाच्या अंगाला, मध्येच एखादी कच्ची वाट, असा बेत असतो. इतके दिवस लेगिंग्जवर भागवलं. पण दोनदा घसरून पडल्यावर ती गुडघ्यावर फाटली, शिवाय घरी सासूबाईंना ती ‘फारच अंगाबरोबर’ वाटते. म्हणून माउंटन बायकिंगची खास बायकांची पँट ऑनलाइन मागवली. एम साइज कंबरेला बसली, पण मांडीत अडकली. एल मांडीत बसली, तर मागे कंबरेला मूठ जाईल एवढी फट राहिली आणि लांबी पायाखाली यायला लागली. दोन्ही परत गेल्या. गटातल्या पुरुषांचं म्हणणं, ‘आमच्यासारखी पुरुषांची घे, नाहीतर ट्रॅकपँट काय वाईट आहे?’ मापं त्यांनी स्वतःच दिली आहेत: कंबर 76 सेंटिमीटर, सीट 104, मांडी 62. आणि विचारलंय, ‘माझ्या अंगाची ठेवणच बेढब आहे का? चार किलो उतरवून मग घेऊ, की सरळ एक महागडी घ्यावी, जी बाराही महिने चालेल?’

ताई, मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मायेने समजूत न घालता, आकड्यांतच देता येतं.

तुमच्या कंबरेत आणि सीटमध्ये 28 सेंटिमीटरचा फरक आहे. (शिंप्याच्या भाषेत सीट म्हणजे नितंबाचा सगळ्यात भरलेला घेर. सायकलीवर बसतो त्याला इथे सॅडल म्हणू, नाहीतर गोंधळ होईल.) बायकांच्या तयार पँटींच्या तक्त्यात हा फरक साधारण 22 ते 25 धरलेला असतो. म्हणजे तुमची सीट बसेल अशी पँट घेतली की कंबर मोठी येणार आणि कंबर बसेल अशी घेतली की मांडी अडकणार. हा तक्त्याचा आणि तुमचा तीन ते सहा सेंटिमीटरचा वाद आहे. चार किलो उतरवले तर सीटबरोबर कंबरही उतरेल, फट तिथेच राहील. उलट घाट चढून मांड्या भरतात, तेव्हा वजन कमी होऊनही मांडीचं माप वाढू शकतं. वजनाचा विचार तुम्हाला करायचा तर खुशाल करा, पण पँटीसाठी थांबू नका.

दुसरं गृहीत जरा हलवून बघू या. तुम्ही दोन्ही पँटी घातल्यात कुठे? बहुतेक आरशासमोर, उभ्याने. सायकलीवर आपण तसे उभे नसतोच. कंबरेतून पुढे वाकलेलं, गुडघा वर-खाली, आणि उतारावर तर नितंब सॅडलच्याही मागे गेलेले. वाकल्यावर पाठीकडची पँट खाली ओढली जाते, पोटाकडची गोळा होते, गुडघ्यावरचं कापड वर सरकतं. म्हणून आरशात झकास दिसणारी पँट यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर त्रास देते. एम साइज मांडीत अडकते हे उभ्यानेही कळतं. पण एल खरोखर चुकीची होती की नुसती कंबरेला सैल होती, हे त्या तपासणीतून कळत नाही.

तेव्हा माप परत घ्या. आत जी घालणार ती पॅडवाली लायनर शॉर्ट चढवून मग टेप लावा. सीटचं माप उभ्याने घ्या, मग खुर्चीच्या कडेवर टेकून, पुढे वाकून परत घ्या. दोन्हींतला फरक लिहून ठेवा. कापडात तेवढा ताण किंवा तेवढी ढील हवी. मांडी सगळ्यात जाड असते तिथे मोजा. गुडघा वाकवून, नीपॅड घालणार असाल तर नीपॅडसकट मोजा. आणि आसन, म्हणजे पँटीचा दोन पायांमधला भाग: बेंबीखाली जिथे पट्टा बसतो तिथून टेप दोन्ही पायांमधून मागे, पाठीवरच्या पट्ट्याच्या जागेपर्यंत. हे उभ्याने आणि वाकून, दोन्ही. वाकल्यावर मागच्या बाजूला किती जास्त लागलं ते बघा. पँट मागून घसरते की नाही हे या आकड्यावर ठरतं आणि ऑनलाइन तक्त्यात नेमका हाच आकडा नसतो. म्हणून विक्रेत्याकडे मागच्या आसनाची उंची विचारा. नाही मिळाली, तर फोटोत मागचा पट्टा पुढच्यापेक्षा स्पष्ट उंच दिसतो का, तेवढं तरी बघा.

खरेदीचा क्रम मग असा लागतो: आधी आसन आणि सीट, मग मांडी, मग गुडघा, सगळ्यात शेवटी कंबर. कारण कंबर शिंपी आत घेऊ शकतो. आसन वाढवायला कापड लागतं आणि तयार पँटीत शिवणीत एवढी माया (जादा कापड) सोडलेली नसते. तुम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केलीत. बहुतेक जणी तसंच करतात, कारण साइजचं अक्षरच कंबरेच्या हिशोबाने वाचायची सवय आहे.

आता ‘पुरुषांची घे’ या सल्ल्याबद्दल. तो सरसकट वाईट नाही. ज्यांची अंगलट सडपातळ आणि सरळ आहे, उंची जास्त आहे, त्यांना पुरुषांची पँट छान बसते. तिथे रंग आणि साइजही जास्त मिळतात. पण पुरुषांच्या तक्त्यात कंबर आणि सीट यांतला फरक बहुधा 20 सेंटिमीटरच्याही आत असतो. तुमचा 28. सीट बसेल अशी पुरुषांची पँट घेतलीत तर कंबरेला आताच्या मुठीऐवजी दोन मुठी जातील, पाय आणखी लांब येतील आणि मागचं आसन तोकडं पडेल. तुमच्या मापांना हा सौदा तोट्याचा आहे. ‘बायकांची’ या लेबलवरही डोळे झाकून जाऊ नका, बरं का. काही पँटी पुरुषांच्याच कटिंगवर कंबर चिमटून आणि रंग बदलून काढलेल्या असतात. आसनाचा तुकडा, गुडघ्याची घडण आणि मागचा उंच पट्टा असेल तर ती बायकांसाठी विचार करून कापली आहे असं समजा.

आसनाचा तुकडा म्हणजे सलवारीला मियानी असते तसला. दोन पायांच्या शिवणी एकाच ठिकाणी, अधिक चिन्हासारख्या मिळाल्या तर तो गठ्ठा नेमका सॅडलवर येतो. तासाभरात तिथली कातडी सोलवटते. मध्ये वेगळा तुकडा जोडला की शिवणी बाजूला सरकतात आणि पायही मोकळे फाकतात. पँट उलटी करून हात फिरवा. मांडीच्या आतल्या बाजूची शिवण चपटी लागली पाहिजे. बोटाला उंचवटा जाणवला तर दोन तासांनी मांडीलाही जाणवेल. जीन्स सायकलीवर का टोचते याचं उत्तर याच जागी आहे.

गुडघ्याची घडण म्हणजे गुडघ्यावर छोटे टक्स किंवा वेगळे तुकडे घालून पाय आधीच किंचित वाकवलेला असतो. हा बाक बरोबर वाटीवर यायला हवा. तुमच्यासारख्या कमी उंचीच्या बाईला एल साइजमध्ये तो वाटीच्या खाली उतरतो. म्हणून ‘लांब आहे तर खालून काप’ हा उपाय अर्धाच. तीन सेंटिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त कापलं तर बाक चुकीच्या जागीच राहतो, शिवाय पाय खाली निमुळता असल्यामुळे कापल्यावर बॉटम रुंद होतं. आणि रुंद बॉटम उजव्या पायाला चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दातांत जातं. बहुतेक माउंटन बाइकला तिथे झाकण नसतं. सायकल चालती असताना कापड अडकलं की पेडल जागच्या जागी थांबतं आणि माणूस आडवा होतो. तुम्हाला मिळाली तर ‘शॉर्ट’ लांबीतली पँट शोधा. नाहीतर घोट्याच्या जरा वरच संपणारी पँट बघा. उंच बाईच्या घोट्यावर संपते ती तुम्हाला पूर्ण लांबीची होते.

‘ट्रॅकपँट काय वाईट आहे’ याचं उत्तरही इथेच आलं. सुती ट्रॅकपँट घाम पिऊन जड होते, घसरते, आणि आसन खाली लोंबायला लागतं. उतारावर सॅडलच्या मागे जाऊन परत बसताना ते लोंबतं कापड सॅडलच्या टोकाला अडकतं. शरीर पुढे यायला निघालेलं आणि पँट मागे धरलेली! सैल पँट म्हणजे सुरक्षित, सभ्य पँट असं आपल्याकडे सहज धरलं जातं. सायकलीवर आसन अंगाबरोबर आणि बॉटम आवळ हवं. सैलपणा हवा तो मांडी आणि गुडघ्याच्या मध्ये. सासूबाईंनाही अशी पँट चालेल असा अंदाज आहे, कारण ती साध्या पँटसारखीच दिसते, फक्त हुशारीने कापलेली असते.

कापडाचं म्हणाल तर नायलॉन, त्यात 8 ते 15 टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा), आणि दोन्ही दिशांना ताणलं जाणारं. लेबलवर इलास्टेनच्या जागी स्पॅन्डेक्स लिहिलेलं असेल, वस्तू एकच. पॉलिएस्टर चालतं, पण दगडावर घासल्यावर नायलॉन जास्त टिकतं. वजन दर चौरस मीटरला 120 ते 150 ग्रॅम असेल तर पातळ, 180 ते 220 म्हणजे मध्यम. साताऱ्यात चढ मोठा आहे. कासचं पठार शहरापासून सुमारे 25 किलोमीटर आणि बरंच उंचावर. चढताना घाम निथळतो आणि पठाराजवळ वारा लागला की तोच घाम गार पडतो. म्हणून पातळ ते मध्यम, पटकन वाळणारं कापड घ्या. सायकलसकट लिफ्टने (पाळण्याने) डोंगरावर जाऊन फक्त उतरणाऱ्यांसाठी बनवलेल्या जाड पँटी परदेशी फोटोंत भारदस्त दिसतात. आपल्या एप्रिलमध्ये त्या घालून घाट चढणं म्हणजे स्वतःला वाफवून काढणं.

एक खास आपल्याकडची गोष्ट: कुसळ. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत वाळतं आणि कुसळं कपड्यात घुसतात. लेगिंग्जसारखं विणीचं, मऊ लवेचं कापड त्यांना लोहचुंबकासारखं ओढतं. मग रात्री दिव्याखाली एकेक उपटत बसायचं. घट्ट विणलेलं, वरून गुळगुळीत कापड घेतलं तर निम्मी कुसळं झटकूनच जातात. दुकानात कापडावर नख उलटं ओढून पाहा. धागा उचकटला तर घाणेरीच्या जाळीतही उचकटेल. सांगली-मिरजेकडून दंडोबाच्या डोंगरात जाणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे कुसळांपेक्षा काटे जास्त, म्हणून गुडघ्यापासून खाली तरी कापड मध्यम वजनाचं असावं.

बारा महिने एकच पँट? नाही मिळणार. त्यामागे पैसे घालू नका. पूर्ण जलरोधक पँट मुसळधार पावसात बाहेरचं पाणी थोपवते खरं, पण घाटात चढताना आतला घामही कोंडते, आणि घरी येता ते दोन्ही मिळून एकच होतं. जून ते सप्टेंबर भिजायचंच आहे असं धरा. पातळ पँट, आत ओली झाली तरी जागची न हलणारी लायनर, आणि सायकलला मागचा लांब मडगार्ड. ढुंगणावर उडणारा चिखल मडगार्ड जितका अडवतो तितका कुठलीही महाग पँट अडवत नाही. पाणी थेंब-थेंब होऊन ओघळतं ती रसायनाचा लेप दिलेली पँट रिमझिमीला उपयोगी आहे. तो लेप धुण्याने उतरत जातो. लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवल्यावर काही काळ परत जागा होतो.

उन्हाळ्यात मांडीच्या बाजूला चेन लावून उघडणाऱ्या फटी कामाच्या. आणि खरं सांगायचं तर मार्च ते मे तुम्हाला पँट हवीच असंही नाही. गुडघ्यापर्यंतची सैल शॉर्ट, खाली नीपॅड आणि लांब मोजे, एवढ्यावर डांबरी घाट आणि सोप्या कच्च्या वाटा होतात. ते घरच्या वातावरणात कितपत बसतं हे तुम्हीच ठरवा.

पैसे विभागायचे झाले तर आधी लायनर चांगली घ्या, उरलेल्यात पँट. सॅडलशी गाठ लायनरची पडते. ती बायकांचीच हवी, इथे मात्र लेबलला अर्थ आहे. पॅड मागे बसायच्या हाडांखाली रुंद आणि पुढे पातळ, सपाट असतो. पुरुषांच्या पॅडला पुढे वेगळा फुगीर आकार असतो, तो आपल्याला नुसता टोचतो. पॅड जाड म्हणजे चांगला असं नव्हे. जाड पॅड दुमडतो आणि दुमडला की घासतो. लायनर कातडीसारखी घट्ट बसावी आणि आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याच्या शिवणी पॅडच्या आणि कातडीच्या मध्ये येतात. हे पहिल्यांदा अवघड वाटतं, पण मांड्या सोलवटण्याचं एक मोठं कारण ही दुहेरी शिवणच आहे. खांद्यावरून पट्टे येणारी लायनर आरामशीर असते, मात्र वाटेत आडोसा शोधून लघवीला बसायचं तर बहुधा वरचा शर्टही काढावा लागतो. कंबरेपर्यंतचीच बरी.

पाळीच्या दिवसांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण इतर दोघी-तिघींनी वेगवेगळ्या पत्रांत विचारलाय. सॅनिटरी पॅडचा गोंद लायनरच्या पॅडवर धड चिकटत नाही, पेडल मारताना तो सरकतो. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर उत्तम. नसेल तर त्या दिवशी बिनशिवणीचं मऊ अंतर्वस्त्र घाला, राइड छोटी ठेवा आणि पोचल्यावर लगेच बदला. आणि सॅडलवर हाडं दुखत असतील, मुंग्या येत असतील तर पँट बदलून काही होणार नाही. सॅडलची रुंदी आणि उंची तपासून घ्या.

पुढची पँट आली की तिचे टॅग न काढता घरातच परीक्षा घ्या. लायनर, नीपॅड, सायकलीचे बूट सगळं चढवा. सायकल भिंतीला टेकवून बसा आणि पेडल उलटं फिरवा. गुडघा वर येताना मांडीवर कापड आवळतंय का? हँडल धरून वाकल्यावर मागे पट्टा आणि पाठ यांत दोन बोटं जावीत, मूठ नाही. पेडल समपातळीत ठेवून उभ्या राहा, नितंब सॅडलच्या मागे न्या, मग अलगद परत बसा. कापड टोकाला लागलं तर ती पँट गेली. कोणी असेल तर मागून सुरकुत्या बघायला सांगा. जांघेपासून दोन्हीकडे ताणलेल्या आडव्या रेषा म्हणजे सीट कमी. नितंबाखाली झोळ म्हणजे मागचं आसन जास्त. जांघेतून मांडीवर तिरप्या उतरणाऱ्या रेषा म्हणजे आसन तोकडं किंवा मांडी आवळ. खिसेही बघून घ्या. पुढच्या खिशातला मोबाइल दर पेडलला मांडीवर आपटतो. मांडीच्या बाजूला, चेनचा खिसा हवा.

सीट, मांडी, गुडघा जमलं आणि कंबरच सैल राहिली, तर पँट ठेवा आणि खण आळीतल्या किंवा तुमच्या नेहमीच्या शिंप्याकडे न्या. समजा एलची कंबर 82 आहे, म्हणजे 6 सेंटिमीटर जास्त. मागचा पट्टा बाजूच्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत साधारण 41 असेल. त्याला सांगा, दोन्ही टोकांना आतून तीन-तीन सेंटिमीटर उसवायचं, नेफ्यात 3 सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक घालायचं, तयार लांबी 35 ठेवायची आणि टोकं शिवणीत पक्की करायची. पुढचा पट्टा सपाटच राहू द्यायचा, वाकताना पोटात चुण्या रुतत नाहीत. फरक 8 सेंटिमीटरच्या वर असेल तर मागच्या मधल्या शिवणीतून आत घ्यावं लागतं. ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि बारीक नागमोडी टीप हवी, हे आवर्जून सांगा. साध्या सुती दोऱ्याची सरळ टीप पहिल्याच वाकण्यात तटकन तुटते. न शिवता चिकटवलेला पट्टा असेल तर तो उसवत नाही. अशी पँट घ्यायची तर बाजूला वेल्क्रोच्या पट्ट्या आहेत ना, हे आधीच बघा.

धुताना वेल्क्रो बंद, पँट उलटी, गार पाणी. कपडे मऊ करायचं द्रव घालू नका, त्याने लेप आणि पॅड दोन्ही बाद होतात. तांबड्या मातीचा चिखल ओला असताना चोळलात तर डाग आत मुरतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. लायनर मात्र घरी आल्या आल्या धुवायची, सोमवारपर्यंत ठेवायची नाही.

राहता राहिला हा रविवार. नवी पँट येईपर्यंत लेगिंग्जच वापरा, फाटलेल्या गुडघ्यावर नीपॅड येऊ द्या, आत लायनर आणि वरून मांडीपर्यंतची एखादी सैल शॉर्ट. ट्रॅकपँटच घालायची झाली तर नाडी घट्ट बांधा, उजव्या घोट्याला वेल्क्रोची पट्टी आवळा आणि उतारावरच्या कच्च्या वाटा त्या दिवशी सोडून द्या.